इस्लामपूरचे दहा दिवस

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "कोयनेतून किती सोडलंय?" आयर्विन पुलाजवळच्या पट्टीवर पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 वर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. महाबळेश्वर-नवजाकडे पाऊस कोसळला, धरणाचे दरवाजे उचलले, तरी ते पाणी सांगलीला टेकायला काही तास जातात. त्या तासांत आम्ही धान्याची पोती माळ्यावर टाकतो, जनावरं सोडून उंचावर नेतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं आणि तेव्हा ते तासही पुरले नाहीत.

घरांच्या भिंतींवरची पुराची ओल वाळते न वाळते तोच मार्च 2020 उजाडला. या खेपेला बघायला पट्टी नव्हती. कोविडच्या साथीची पातळी फुटांत दिसत नाही, ती दिवसांत मोजावी लागते. माणसाला लागण झाली तिथपासून आपल्याला कळेपर्यंत किती दिवस गेले, आणि कळल्यावर त्याच्या आसपासची माणसं शोधायला किती गेले, एवढंच ते माप. वाळवा तालुक्यातल्या इस्लामपुरात त्या महिन्यात जे घडलं ते मी या मापानं पुन्हा मांडतो आहे. (शहराचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय आता झाला आहे, पण घटना तेव्हाची म्हणून नावही तेव्हाचंच ठेवतो.)

मी तेव्हा जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका तालुक्यात आरोग्य सहायक होतो. इस्लामपूरच्या पथकांत मी नव्हतो, पण तिथं काय चाललंय यावर आमचा रोजचा दिवस ठरायचा. त्याच आठवड्यात मी एक दोनशे पानी वही घातली आणि तिच्यात तीन रकाने आखले. पहिल्यात रुग्णाला त्रास सुरू झाल्याची तारीख, दुसऱ्यात अहवाल आल्याची, तिसऱ्यात त्याच्या निकटच्या संपर्कातला शेवटचा माणूस सापडल्याची. वरून असा तक्ता कुणी मागितला नव्हता. मला स्वतःला कळावं म्हणून तो होता.

13 ते 23 मार्च

आधी देश कुठे उभा होता ते पाहू. 30 जानेवारी 2020 ला केरळात भारतातला पहिला रुग्ण सापडला आणि त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. महाराष्ट्रात पहिले रुग्ण 9 मार्चला पुण्यात निघाले, दुबईहून आलेले. 11 मार्चला जागतिक महासाथ जाहीर झाली. 13 मार्चला राज्यानं 1897 चा साथरोग कायदा लागू केला.

त्याच 13 मार्चला इस्लामपूरच्या एका कुटुंबातले चौघं सौदी अरेबियाहून परतले.

त्या दिवशी परदेशातून येणाऱ्यांसाठी केंद्राचा नियम काय होता? चीन, इटली, इराण, दक्षिण कोरिया, फ्रान्स, स्पेन आणि जर्मनी या सात देशांतून आलेल्यांना 14 दिवस सक्तीनं वेगळं ठेवायचं. 16 मार्चला आदेश निघाला आणि 18 पासून त्यात अमिराती, कतार, ओमान आणि कुवेत यांची भर पडली. सौदी अरेबिया पहिल्या यादीत नव्हता आणि दुसऱ्याही नाही. परदेशातून आलेल्यांच्या हातावर शिक्का मारायचा राज्याचा निर्णयही 16 मार्चचा, म्हणजे हे चौघं घरी पोचल्यानंतरचा. विमानतळावर कपाळासमोर धरायचं यंत्र फक्त ताप ओळखतं. अंगात विषाणू शिरलाय पण ताप अजून यायचाय, असा माणूस त्याच्यासमोरून सरळ निघून जातो. या आजारात लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागू शकतात, हे तेव्हाही ठाऊक होतं.

म्हणून त्या कुटुंबाला पुढे जी बोलणी खावी लागली ती मला आजही टोचतात. त्यांनी लपवलं, त्यांनी आणलं, असं मोबाइलवर फिरत होतं. ते उतरले त्या दिवशीच्या कागदावर त्यांच्या देशाचं नाव नव्हतं. चूक झाली ती यादी बनवण्याच्या रीतीत. ज्या देशांत रुग्ण सापडले त्यांची ती यादी होती, आणि रुग्ण सापडतात तिथे जिथे तपासणी होते. ज्या देशाचे आकडे उशिरा येतात तो यादीत उशिरा चढतो आणि तेवढ्या दिवसांत माणसं घरी पोचून पाहुण्यांत बसलेली असतात. कोयनेवर डोळे लावून बसावं आणि पाणी वारणेकडून चढावं, तसं झालं.

23 मार्चला चौघांचे अहवाल आले, चारही पॉझिटिव्ह. परतल्यापासून दहा दिवस झाले होते. या सगळ्या प्रकरणात वाया गेलेला वेळ शोधायला गेलं तर तो मुख्यतः इथेच, गाव हातात येण्याच्या आधीच सापडतो.

एका कागदाचा फरक

यानंतर जे घडलं त्याला वर्तमानपत्रांनी 'इस्लामपूर पॅटर्न' म्हटलं. चाराचे नऊ झाले, मग एका दिवसात आणखी डझनभर, आणि आकडा 26 पर्यंत गेला. बहुतेक सगळे एकाच मोठ्या एकत्र कुटुंबातले आणि त्यांच्या निकटच्या ऊठबशीतले. ज्या राज्यात रुग्णसंख्या तेव्हा शेकड्यांतच होती तिथे सुमारे 67 हजार वस्तीच्या (2011 ची जनगणना) एका तालुक्याच्या गावात दोन डझन रुग्ण निघाले म्हटल्यावर जिल्हा हादरला. लोक म्हणाले, साथ फुटली.

माझं म्हणणं उलट आहे. ते 26 सापडले ही चांगली बातमी होती, आणि ते सापडले याचं एक कारण एका कागदात आहे. 17 मार्चलाही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं धोरण असं होतं की रुग्णाच्या संपर्कातल्या माणसाला लक्षणं असतील तरच तपासायचं. 20 मार्चला ते बदललं. निकटच्या संपर्कातला माणूस ठणठणीत दिसत असला तरी संपर्कानंतर 5 ते 14 दिवसांच्या आत त्याची एकदा तपासणी करायची असं ठरलं. इस्लामपूरचे पहिले अहवाल आले ते त्यानंतर तीन दिवसांनी. तेच आठवडाभर आधी आले असते तर घरातल्या धडधाकट दिसणाऱ्या माणसांचे स्वॅब घेतलेच गेले नसते. चौघांना मिरजेला नेलं असतं, बाकीच्यांना घरी थांबा म्हणून सांगितलं असतं आणि आकडा दहाबारावर दिसला असता. आजार मात्र गल्लीगल्लीत गेला असता, आणि कागदावर आम्ही जिंकलेले दिसलो असतो.

कमी आकडा पाहून सुटकेचा श्वास सोडायची सवय आपल्याला साथीत फार महागात पडते. आमच्याच तालुक्यात एक अधिकारी आठवडा बैठकीत शून्य रुग्णांबद्दल पाठ थोपटून गेले. त्या आठवड्यात आम्ही एकही नमुना पाठवला नव्हता.

नमुने तेव्हा पुण्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जायचे. मिरजेहून पुणं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. थंड पेटी घेऊन गाडी जायची, तिथे आख्ख्या राज्याच्या नमुन्यांची रांग, मग अहवाल. तेवढा वेळ ज्याचा नमुना गेलाय तो माणूस कुठे ठेवायचा हा प्रश्न असायचा. पुढे मिरजेतच तपासणी सुरू झाली आणि दुसऱ्या रकान्यातली तारीख पहिल्याच्या बरीच जवळ आली. 1962 पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याही आधी, 1894 पासून, वॉन्लेस रुग्णालय असलेलं मिरज म्हणजे आमच्याकडची वैद्यकीय पंढरी. तिथल्या शासकीय रुग्णालयाचं कोविड रुग्णालय झालं. धुळ्याच्या शासकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता डॉ. पल्लवी सापळे, ज्यांनी आधी मिरजेत काम केलं होतं, त्यांच्याकडे पथक देऊन त्यांना इथे पाठवलं गेलं. ओळखीच्या इमारतीत ओळखीचं माणूस आलं की पहिल्या दिवसापासून काम चालू होतं. खाटांच्या हिशेबात ही गोष्ट कुणी धरत नाही.

यादी कशी होते

पेशंट सापडला की त्याच्याशी बोलायचं. साधं वाटतं, पण घाबरलेल्या माणसाला गेल्या चौदा दिवसांत कोणकोण भेटलं हे सांगता येत नाही. त्याला तारखा विचारायच्या नाहीत. "कोण न्याहरीला होतं? दाढी कुठं केली? किराणा कुणी आणला? कुणाच्या दुखवट्याला गेला होता का?" असं विचारायचं. मग एकेक नाव निघतं. त्यांचे दोन गट करायचे. एकाच घरात राहणारे किंवा मीटरभर अंतरात वावरलेले ते जास्त जोखमीचे, एकाच दुकानात किंवा एकाच सभागृहात होते ते कमी जोखमीचे. पहिल्यांना संस्थेत ठेवायचं आणि त्यांचे नमुने घ्यायचे, दुसऱ्यांना घरी ठेवून रोज विचारपूस करायची.

एकत्र कुटुंब या कामाला एकाच वेळी अवघड आणि सोपं असतं. अवघड असं की एका न्हाणीघरावर, एका चुलीवर वीस-पंचवीस माणसं, त्यामुळे लागण झपाट्यानं होते. सोपं असं की कोण कुणाच्या घरी गेलं हे घरातल्या म्हाताऱ्या बाईला तोंडपाठ असतं. ती नीट बोलली तर यादी अर्ध्या तासात पुरी होते.

इस्लामपुरात रुग्णांच्या घराभोवती किलोमीटरभर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्याच्या बाहेर बफर क्षेत्र आखलं गेलं. आत-बाहेर जाणं बंद, किराणा-औषधं घरपोच, आणि दारोदार सर्वेक्षण. नियोजनाच्या कागदावर ही आखणी वर्तुळाची असते. खऱ्या गावात ते वर्तुळ कुणाच्या शेतातून जातं, कुणाचा गोठा आत आणि घर बाहेर राहतं. म्हशींच्या धारा कोण काढणार इथपासून तंटे सुरू होतात. शिवाय आशा स्वयंसेविका ही मुळात खेड्यांसाठीची, हजार लोकवस्तीमागे एक अशी योजना. पालिकेच्या गावांत ते जाळं तेवढं दाट नसतं, आणि साथ मात्र बसस्टँड, बाजारपेठ, विमानतळावरून येणारी गाडी या वाटेनं आधी शहरात शिरते. देशाच्या तयारीतलं हे भोक मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

यश मोजताना एक गोष्ट दडवता कामा नये. 22 मार्चला जनता कर्फ्यू, 23 ला राज्यात जिल्ह्यांच्या सीमा बंद, 24 च्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी. म्हणजे इस्लामपूरचे अहवाल आले आणि चोवीस-तीस तासांत आख्खा देश जागच्या जागी थांबला. बाजार चालू, एसटी चालू, लग्नसराई चालू असती तर तीच पथकं, तीच यादी, तरी तिसरा रकाना एवढ्या लवकर भरला नसता. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या 26 पैकी बहुतेक सगळे, चोवीस तासांच्या अंतरानं दोनदा निगेटिव्ह येऊन, बरे झालेले होते. त्यात पथकांचे कष्ट होते, मिरजेच्या डॉक्टर-परिचारिकांचे होते, आणि रस्त्यावरच्या शुकशुकाटाचाही वाटा होता. पॅटर्न म्हणून तो दुसरीकडे लावायला निघालेल्यांनी हा शुकशुकाट धरला नाही.

दाराआडून आलेलं उत्तर

आमच्या तालुक्यातल्या एका वाडीत मी आशाताईंबरोबर फिरत होतो. एका घराचं दार अर्धं उघडलं.

"आजी, ताप-खोकला हाय का कुणाला घरात?"

"न्हाय गं बाई. कुणाला काय सुदीक न्हाय."

आतून खोकल्याचा आवाज आला. आजींनी दार आणखी लोटलं. आशाताई उंबऱ्यावरच बसल्या, पाणी मागितलं, नातवाच्या लसीच्या कार्डाची चौकशी केली. दहा मिनिटांनी आजी हळूच म्हणाल्या, "सांगितलं तर आमचं दूध डेरीत घेनार न्हाईत, ताई. दोन म्हशींवर घर चालतंय आमचं."

दाराला खरी कडी होती ती दुधाची. त्या दिवशी आशाताईंनी डेअरीच्या सचिवाला गाठलं, एका शेजाऱ्याला धारा काढायला उभं केलं, आणि मगच त्या घरातला मुलगा तपासणीला आला. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर यासाठी रकाना नाही.

साथरोग कायदा 4 फेब्रुवारी 1897 चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी केलेला, जेमतेम चार कलमांचा. त्याच्या जोरावर पुण्यात रँडच्या पथकांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, माणसं ओढून नेली. लोकांनी रुग्ण माळ्यावर लपवले, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच प्लेगमध्ये, त्याच पुण्यात, सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. 10 मार्च 1897 ला त्या प्लेगनंच गेल्या. एकाच साथीतले हे दोन हात. आमच्या आजोबांच्या पिढीत गावंच्या गावं प्लेगला भिऊन माळावर झोपड्या घालून राहायची, तेही आठवणींत आहे. तेव्हा लोक साथीपासून पळत नव्हते असं नाही, पण सरकारी झडतीपासून आणखी जोरात पळत होते.

2020 मध्ये आपण सव्वाशे वर्षांपूर्वीचा तोच कायदा बाहेर काढला आणि त्याच्या जोडीला 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा लावला. 22 एप्रिलला अध्यादेश काढून आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला 3 महिने ते 5 वर्षं, गंभीर इजा केली तर 7 वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. तो हवाच होता, आमच्यावर दगड आलेले आहेत. पण घर बंद पडलं तर दूध कोण घेणार, मजुरी कोण देणार, हे त्या कायद्यांत कुठेच लिहिलेलं नाही. आणि ज्यांनी ते उंबऱ्यावर बसून सोडवलं त्या आशाताईंना या जास्तीच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला 1000 रुपये होते. जून 2021 मध्ये त्या राज्यभर संपावर गेल्या तेव्हा मला कामाची अडचण झाली, पण राग आला नाही.

सप्टेंबर

मे 2020 मध्ये परतणाऱ्यांचा लोंढा आला. साताऱ्यात पाटण-जावळीकडचे मुंबईकर, आमच्याकडे विटा-खानापूर-आटपाडीचे गलाईवाले. सोनं-चांदी गाळणारी ही माणसं देशभरच्या पेठांत पसरलेली. ती गाड्या करून आली. गावांनी शाळा उघडून दिल्या, ग्रामसमित्यांनी पहारे दिले. तोवर यादी पुरत होती, कारण प्रत्येक येणारा ओळखीचा होता आणि वेशीवर नोंदवला जात होता.

जुलैच्या शेवटी-शेवटी यादीचं सूत सुटलं. यामागचं गणित साधं आहे. एका रुग्णामागे वीस माणसं शोधायची धरा. 26 रुग्णांची होतात पाचशे वीस, तीही आठवडाभरात विभागलेली, आणि ती शोधायला जिल्ह्याची सगळी यंत्रणा उभी. रोज 500 रुग्ण धरले तर रोज दहा हजार माणसं, तेवढ्याच हातांनी. शिवाय त्यातले कितीतरी हात स्वतःच आजारी. काम तेच, माणसंही तीच, पण शोधायच्या माणसांना शोधणारी माणसं पुरेनात आणि यंत्रणा एका आठवड्यात मागे पडली. सप्टेंबरच्या मध्यात देशात एका दिवसाचे रुग्ण 97 हजारांवर गेले, तेव्हा सांगली-मिरजेत माणसं खाटेसाठी फोन फिरवत होती. साताऱ्यात एसटी स्टँडजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाच्या इमारतीत जम्बो कोविड रुग्णालय उभं करावं लागलं.

याच दिवसांत आमच्याकडून रोज संध्याकाळी चारला तीन वेगवेगळ्या तक्त्यांत एकच माहिती मागवली जायची. एका कार्यालयाला वयोगट हवे, दुसऱ्याला गावनिहाय, तिसऱ्याला दोन्ही पण वेगळ्या क्रमानं. दुपारचे तीन तास त्यातच जायचे. त्या तीन तासांत आम्ही पंधरा घरं करू शकलो असतो. वर बसलेल्यांना चित्र कळावं हे मला मान्य आहे. पण माहिती वर जाण्याच्या वाटेनं यंत्रणेचे हात खाली गळून पडत होते, आणि हे त्या वेळी कुणाला सांगायची सोय नव्हती.

15 सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी ऑक्सिजनची पातळी मोजली गेली. त्यानं माणसं वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. बोटाला लावायच्या त्या छोट्या यंत्रानं पहिल्यांदा आमच्या हातात आयर्विनच्या पट्टीसारखं काहीतरी दिलं. 94 च्या खाली आकडा गेला की गाडी बोलवायची, हे वाडीवरच्या पोरांनाही पाठ झालं.

2021 च्या मे महिन्यात देशात एका दिवसाचे रुग्ण 4 लाखांवर गेले. लाट बाकीच्या राज्यात ओसरली तरी सातारा, सांगली, कोल्हापूर हा पट्टा ऑगस्टपर्यंत धुमसत राहिला. 2 ऑगस्टला राज्यानं 22 जिल्ह्यांत निर्बंध सैल केले आणि 11 जिल्हे मागे ठेवले, त्यांत आम्ही तिघंही होतो. ज्या जिल्ह्यानं मार्चमध्ये सगळ्यांना रीत दाखवली तोच जवळपास दीड वर्षानं शेवटच्या अकरांत अडकून राहिला.

पुढच्या खेपेसाठी

ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्रानं आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियान सुरू केलं. त्यात प्रत्येक जिल्ह्यात एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. ही सगळ्यांत मोलाची गोष्ट, कारण पुण्याला जाणारी थंड पेटी तिच्यामुळे थांबते. 2024 मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञ गटानं पुढच्या महासाथीचे पहिले 100 दिवस हे माप धरून स्वतंत्र कायदा करण्याची शिफारस केली. शंभर दिवस हे लस आणि औषधांच्या तयारीसाठी योग्य माप असेल. इस्लामपूर बघता मला वाटतं, गावाच्या पातळीवर पहिले दहाच दिवस हातात असतात, आणि तेही विमानतळावर खर्च व्हायला नकोत. परदेशातून आलेल्या प्रत्येक माणसाची, तो कुठल्याही देशातून येवो, खबर दुसऱ्या दिवशी त्याच्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला मिळाली तरी पुरे. त्याला डांबायचं नाही, रोज एक फोन करायचा. पालिकेच्या गावांत हजार वस्तीमागे एक ओळखीची बाई नेमायची. आणि ज्या घराला दार लावून बसायला सांगायचं त्याच्या दुधाची, मजुरीची सोय आदेशाच्या त्याच कागदावर लिहायची.

नव्या आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणाला मला अधूनमधून बोलावतात, तेव्हा मी ती वही घेऊन जातो. मार्च-एप्रिलची पानं उघडून त्यांच्यात फिरवतो. तिथे तिन्ही रकाने भरलेले आहेत, तारखा एकमेकींना चिकटून. मग सप्टेंबर उघडतो. पहिला रकाना भरलेला, दुसरा कसाबसा, आणि तिसरा, पान उलटत जा, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कोरा.